सहीपुरते प्रशिक्षण

पुढच्या दोन काट्यांवर माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्टच्या चालकांच्या सुरक्षा प्रशिक्षणाच्या हजेरीपत्रकावर मी काल सलग सहाव्या वर्षी सही केली, आणि सलग सहाव्या वर्षी आमच्यापैकी एकालाही त्या दिवशी यंत्रावर बसवण्यात आले नाही. पाऊण तासाची तीच जुनी चित्रफीत, मग वीस प्रश्नांची परीक्षा, आणि तिची उत्तरेही प्रशिक्षकांनीच वाचून दाखवली, कारण पुढच्या तुकडीला खोली मोकळी करून द्यायची होती. सगळे उत्तीर्ण. नापास होण्याची सोयच ठेवलेली नाही.

मोटार चालवता येणाऱ्याला हेही जमते, हे प्रशिक्षकांचे वाक्य ऐकून माझे डोके फिरले. नाही जमत. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते, त्यामुळे वळताना तिची मागची बाजू बाहेरच्या अंगाला झपकन फिरते आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाला रॅकवर चिरडू शकते. तिचा मागचा अ‍ॅक्सल मध्यभागी एकाच खिळीवर डोलत असल्यामुळे चार चाके असूनही तिचा तोल पुढची दोन चाके आणि ती खीळ यांच्यातल्या त्रिकोणावरच टिकून असतो; माल वर उचलला की गुरुत्वमध्यही वर जातो, आणि मग एरवी किरकोळ वाटणारे वळणसुद्धा यंत्र आडवे करायला पुरते. हे चित्र फळ्यावर काढायला पाच मिनिटे लागतात. सहा वर्षांत ती पाच मिनिटे निघाली नाहीत.

शेवटी मीच विचारले. क्षमतेच्या पट्टीवर २५०० किलो लिहिले आहे, पण ते ५०० मिलिमीटर लोड सेंटरसाठी, म्हणजे काट्यांच्या उभ्या भागापासून मालाच्या मध्यापर्यंत तेवढेच अंतर असेल तर. आम्ही जे लांब खोके उचलतो त्यांचा मध्य काट्यांच्या उभ्या भागापासून ७०० मिलिमीटरवर पडतो, म्हणजे साध्या तरफेच्या हिशेबानेही क्षमता चारशे-एक किलोंनी घटते. त्यात गेल्या वर्षी साइड शिफ्टर, म्हणजे काटे डावी-उजवीकडे सरकवणारा जोडभाग, बसवला, त्याचे वजन वेगळे आणि त्याने माल आणखी पुढे ढकलला तो वेगळा, तरीही पट्टी जुनीच आहे. मग नेमके किती उचलायचे? उत्तर मिळाले की मागची चाके उचलली गेली तर कळेलच. अहो, वळण ज्या चाकांवर अवलंबून आहे तीच हवेत गेल्यावर कळून करायचे काय? या अडाणीपणातूनच काउंटरवेटवर, म्हणजे तोल राखायला यंत्राच्या मागे बसवलेल्या वजनावर, दोन माणसे उभी करून जास्तीचा माल उचलण्याची आमच्याकडची जीवघेणी पद्धत आली आहे, आणि तिच्याविषयी प्रशिक्षणात चकार शब्द निघत नाही.

यंत्र उलटताना उडी मारू नये, सीटबेल्ट लावलेला असावा, स्टिअरिंग घट्ट धरून पडण्याच्या विरुद्ध बाजूला झुकावे, हे चित्रफितीत एका वाक्यात उरकले आहे. उडी मारण्याची इच्छा उपजत असते आणि उडी मारणारा बहुधा डोक्यावरच्या लोखंडी सांगाड्याखालीच सापडतो. ती इच्छा दाबायला सराव लागतो, वाक्य पुरत नाही.

मात्र कागद फार उपयोगी आहे, कोणाला ते विचारू नका. आमच्या एका सहकाऱ्याने भरलेली फोर्कलिफ्ट उतारावरून माल पुढे ठेवून खाली आणली आणि सगळा माल घसरून पडला. भरलेले यंत्र उतरताना मालाचे तोंड चढाकडे ठेवून मागे मागे यायचे असते, हे त्याला कोणीही कधी करून दाखवले नव्हते, पण चौकशीत पहिला कागद निघाला तो हजेरीपत्रकाचा. त्यावर त्याची सही होती, म्हणून चूक त्याची ठरली आणि समजपत्रही त्यालाच मिळाले.

हे आठवूनच मी काल सहीखाली एक ओळ लिहिली होती: यंत्रावर सराव घेतला नाही. आज सकाळी सुपरवायझरने कोरे पत्रक आणून दिले. जादा मजकूर चालत नाही, फक्त सही करावी, असा निरोप होता.