हाफ-लाइफ दोनदा गेली म्हणजे औषध संपत नाही

"फार्मसी, जीवशास्त्रवाल्यांना इंटिग्रेशन कशाला? हाफ-लाइफ 6 तास म्हणजे 12 तासांत औषध शरीरातून साफ. साधी वजाबाकी पुरते. उरलेलं सॉफ्टवेअर करतं. आणि सजीव काही सूत्रानं वाढत नाहीत." हा मेसेज फार्मसीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या माझ्या भाचीपर्यंत पोहोचला आणि तिला तो पटलाही, म्हणून हे लिहितोय.

12 तासांत साफ? पहिल्या 6 तासांत निम्मं जातं, पुढच्या 6 तासांत उरलेल्याचं निम्मं. 12 तासांनी 25 टक्के शिल्लक असतं, 30 तासांनीही 3 टक्के. बाहेर पडण्याचा वेग शिल्लक साठ्याच्या प्रमाणात असतो, म्हणून.

खरा धोका रोजच्या गोळीत आहे. आधीची मात्रा संपायच्या आत पुढची येते आणि साठा भूमिती श्रेढीने चढतो: 1 + r + r² + …, बेरीज 1/(1 − r). r म्हणजे पुढच्या मात्रेपर्यंत आधीच्या साठ्याचा उरणारा भाग. हृदयरोगावरचं डिगॉक्सिन घ्या. त्याच्या अधिकृत माहितीपत्रकात हाफ-लाइफ निरोगी माणसात 1.5 ते 2 दिवस, मूत्रपिंडं बंद पडलेल्यांत 3.5 ते 5 दिवस दिली आहे. रोज एक मात्रा आणि हाफ-लाइफ 1.5 दिवस असेल तर r = 0.63, साठा 2.7 मात्रांवर थांबतो. 4 दिवस असेल तर r = 0.84, साठा 6.3 मात्रांवर! तोही 16 ते 20 दिवसांनी. पहिले दोन दिवस सगळं ठीक दिसतं. मळमळ आणि बिघडलेले ठोके नंतर येतात. वजाबाकी जवळपास चालते ती दारूला, कारण तिथे एन्झाइम भरून गेलेले असतात आणि वेग जवळजवळ स्थिर राहतो. एवढंच मान्य.

सॉफ्टवेअर? रक्तातलं प्रमाण 0, 12, 24 तासांना 8, 2, 0.5 असं मोजलं, तर ट्रॅपेझॉइडल रूल (बिंदू सरळ रेषांनी जोडून समलंबांची बेरीज) आलेखाखालचं क्षेत्रफळ, म्हणजे शरीराला एकूण किती औषध मिळालं त्याचं माप, 75 देतो. खरं 65 आहे. उतरता आलेख खाली झुकलेला, जीवा त्याच्या वरून जाते. नमुने कधी घ्यायचे आणि उतारावर लॉग वापरायचा, हे माणसालाच ठरवावं लागतं. 24 तासांनंतरची शेपटीही जोडायची असते: शेवटचं प्रमाण भागिले k (दर तासाला बाहेर पडण्याच्या वेगाचा स्थिरांक), इथे 4.3. हेच ते अनंतापर्यंतचं संकलन, म्हणजे इंटिग्रेशन.

इंटिग्रेशनच्या परीक्षेतल्या त्रिकोणमितीय आदेशाच्या (x च्या जागी sin, tan घालण्याच्या) करामती पुढे फारशा लागत नाहीत, हे खरं. पण सजीवांच्या वाढीचं लॉजिस्टिक समीकरण (आधी झपाट्याने, मग मर्यादेपाशी मंदावणारी वाढ) बेल्जियन गणितज्ञ व्हेरहुल्स्टने 1838 मध्येच मांडलं, आणि ते सुटतं आंशिक अपूर्णांकांनी, भाचीच्या याच सत्रातल्या.