माडाच्या व्हिनेगरने फुगलेल्या शिरा जात नाहीत

‘माडाचं व्हिनेगर चोळा, पंधरा दिवसांत व्हेरिकोज व्हेन्स (पायांच्या फुगलेल्या शिरा) गायब’ हा मेसेज म्हापसा-डिचोलीकडच्या ग्रुपांवर फिरतोय. दावा चुकीचा आहे. वर चढणारं रक्त खाली घसरू नये म्हणून पायांच्या शिरांत झडपा असतात. त्या निकामी झाल्या की रक्त साचतं, शीर फुगते. डॉपलर सोनोग्राफीत हा उलटा प्रवाह स्पष्ट दिसतो. वरून चोळून झडप दुरुस्त होत नाही. उलट त्वचा भाजू शकते. व्हिनेगर विंदालूतच बरं! चालणं, पाय उंचावर ठेवणं, डॉक्टरांनी मापाने दिलेले घट्ट मोजे यांनी सूज-ठणका कमी होतो, शिरा मात्र राहतात. एकच पोटरी अचानक सुजून दुखली तर चोळू नका. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, लगेच इस्पितळ गाठा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.