डान्सची टर्न वाया जात नाही: ड्रॅगनाइटवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

भावा, प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीस, त्याबद्दल आधी आभार. चार ओळींत उत्तर दिलं असतं तर तुझ्या मुद्द्यांवर अन्याय झाला असता, म्हणून वेगळं लिहितोय.

ज्यांनी मूळ लेख किंवा प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पोकेमॉनच्या स्कार्लेट-व्हायोलेट या खेळातल्या डबल्ससाठी (दोघांविरुद्ध दोघे) मी ड्रॅगनाइट या पोकेमॉनचा एक सेट सुचवला होता: मल्टिस्केल ही अ‍ॅबिलिटी (अंगचा गुण), जॉली नेचर (स्पीड वाढवणारा स्वभाव), टेरा स्टील (सामन्यात एकदा टाइप बदलून स्टील होणं), हातात लम बेरी आणि ड्रॅगन डान्स (अटॅक व स्पीड वाढवणारा नाच), आयर्न हेड, एक्स्ट्रीम स्पीड (समोरच्याच्या आधी लागणारा वार), रूस्ट (निम्मा एचपी, म्हणजे जीव, परत देणारी) या चार मूव्ह. गडहिंग्लजच्या या वाचकाचं म्हणणं असं, की चार-पाच टर्नमध्ये संपणाऱ्या सामन्यात नाचायला वेळ कुणाला आहे? चॉइस बँड (अटॅक दीडपट करणारी, पण एकाच मूव्हला बांधणारी वस्तू) द्या, अटॅक वाढवणारं अ‍ॅडमंट नेचर द्या, टेरा नॉर्मल करा आणि एक्स्ट्रीम स्पीडने समोरच्याला हलायच्या आत झोपवा. 2023 साली चिएन-पाओ या पोकेमॉनच्या जोडीने सगळे हेच खेळत होते. शेवटी त्याने टोला मारलाय, "दादा, खासबागेच्या गावात राहून असलं बचावाचं खेळता?"

शेवटच्या टोल्यापासूनच सुरू करतो. खासबागेत कुस्ती बघत मोठा झालेला माणूस बचावाला कमी लेखणार नाही. तालमीत डावाइतकीच त्याची तोड घोटून घेतात. पटात शिरलेल्या गड्याला वरून दाबून घिस्सा मारणारा पैलवान भित्रा होता असं कोल्हापुरात कुणी म्हणत नाही.

आता मुद्द्यावर येऊ. ड्रॅगनाइट का घ्यायचा, हा प्रश्न तुझ्या प्रतिक्रियेत कुठेच नाही आणि माझं सगळं म्हणणं त्याच प्रश्नावर उभं आहे. आकडे बघ. ड्रॅगनाइटचा बेस अटॅक 134, स्पीड 80. सॅलमेन्सचा अटॅक 135, स्पीड 100. दोघांचे टाइप तेच, ड्रॅगन आणि फ्लाइंग. दोघांच्या आकड्यांची बेरीजही तीच, 600. नुसता जोर हवा असेल तर सॅलमेन्स एका अंकाने जड आणि वीस अंकांनी चपळ आहे. तरी लोक ड्रॅगनाइट घेतात, कारण सॅलमेन्सकडे नसलेल्या दोन गोष्टी त्याच्याकडे आहेत. एक एक्स्ट्रीम स्पीड, दुसरी मल्टिस्केल. (1996 च्या पहिल्या खेळात तर या पंखवाल्या प्राण्याला फ्लाय ही मूव्हसुद्धा शिकता येत नव्हती. त्याचे दिवस खऱ्या अर्थाने पालटले ते पाचव्या पिढीत, मल्टिस्केल आल्यावर.)

तू पहिल्या गोष्टीवर सगळा डाव लावतोस. मी दुसरीवर लावतो. एचपी पूर्ण असताना बसणारा मार मल्टिस्केल निम्मा करतं, एवढं सगळ्यांना माहीत असतं. तो निम्मा म्हणजे प्रत्यक्षात किती, हे मात्र फार थोडे लोक कॅल्क्युलेटर उघडून बघतात.

समोर फ्लटर मेन ही पोकेमॉन घेऊ, कारण ती टाळून या खेळाबद्दल बोलताच येत नाही. लेव्हल 50 ला माझ्या ड्रॅगनाइटचा एचपी 166 आणि स्पेशल डिफेन्स 120, कारण ईव्ही (आकडे वाढवायला मिळणारे जादा गुण) मी अटॅक आणि स्पीडमध्येच ओतलेत. समोर टायमिड (स्पीड वाढवणाऱ्या नेचरची) फ्लटर मेन, स्पेशल अटॅक पूर्ण वाढवलेला, म्हणजे 187. तिचा फेअरी टाइपचा मूनब्लास्ट ड्रॅगनवर दुप्पट लागतो. मल्टिस्केल नसेल तर तो 168 ते 200 एवढा बसतो. म्हणजे सर्वांत कमी बसला तरी ड्रॅगनाइट आडवा, सुटका नाही. मल्टिस्केल असेल तर 84 ते 100. उभा राहतो, आणि बऱ्यापैकी उभा राहतो. आता तिला स्पेशल अटॅक वाढवणारं मॉडेस्ट नेचर आणि चॉइस स्पेक्स दे, म्हणजे तिने टेरा फेअरी केलं नाही तर याहून दणकट मूनब्लास्ट एरवी भेटायचा नाही. मल्टिस्केलवर तो जास्तीत जास्त 162 बसतो. एचपी 166. चार उरतात! बचावाला एकही ईव्ही न देता.

आणि त्याच टर्नला टेरा स्टील केलं तर? पहिल्या, टायमिडवाल्या फ्लटर मेनचा मूनब्लास्ट 21 ते 25 वर येतो. खरचटल्यासारखं. म्हणजे डान्सची टर्न वाया जात नाही, तिचे पैसे मल्टिस्केलने आधीच भरलेले असतात. समोरच्याने त्याचा सगळ्यात भारी वार खर्च केला, मी 25 एचपी दिले आणि बदल्यात अटॅक व स्पीड दोन्ही दीडपट करून घेतले. यात तोटा कुणाचा झाला, तूच सांग.

टेरा स्टीलच का, तर ड्रॅगनाइटच्या कमजोऱ्या चार आहेत: आइस, रॉक, ड्रॅगन आणि फेअरी. त्यातला आइस तर चौपट. स्टील या चारही टाइपना अर्ध्यावर आणतं. अशी चपखल जोडी दुसऱ्या कुठल्या टेरात मिळत नाही. फायर, फायटिंग आणि ग्राउंड नव्याने अंगावर येतात हे खरं, आणि त्यावर पुढे बोलतोच.

नेचरबद्दल तू लिहिलंस की जॉलीने अटॅक फुकट जातो. अ‍ॅडमंटने अटॅक 204 होतो, जॉलीने 186. फरक दिसतो मोठा. पण स्पीड बघ. अ‍ॅडमंट ड्रॅगनाइटचा स्पीड 132, एका डान्सनंतर 198. जॉलीचा 145, डान्सनंतर 217. फ्लटर मेन आणि चिएन-पाओ, दोघांचा बेस स्पीड 135. स्पीडचं नेचर दिलं तर दोघांचाही आकडा 205 ला थांबतो. आता 198 आणि 217 च्या मध्ये हा 205 कुठे बसतो ते पाहा. अ‍ॅडमंटवाला नाचूनही या दोघांच्या मागे राहतो, जॉलीवाला पुढे जातो. या एका आकड्यासाठी मी जॉली घेतो. शिवाय टेरा स्टीलनंतरचं आयर्न हेड फ्लटर मेनला डान्सशिवायही एका फटक्यात पाडतं, तिचा डिफेन्स तेवढा पातळ आहे. तिथे 204 अटॅक घेऊन करायचं काय? फ्लटर मेनने बूस्टर एनर्जी या वस्तूने स्पीड वाढवला तर ती 307 वर जाते आणि दोन्ही नेचर सारखीच मागे पडतात. मग पुन्हा मल्टिस्केलच कामाला येतं.

आता तुझ्या बँडवाल्याकडे वळतो. तो सेट वाईट आहे असं मी कधीच म्हटलेलं नाही. माझं म्हणणं एवढंच, की तो एकटा उभा राहत नाही, चिएन-पाओच्या खांद्यावर उभा राहतो. चिएन-पाओच्या सोर्ड ऑफ रूइन या अ‍ॅबिलिटीमुळे मैदानातल्या बाकीच्यांचा डिफेन्स पाऊणपट होतो. उदाहरणाला पाण्याचा उर्शिफू घे, एचपी 175. टेरा नॉर्मल, बँड, अ‍ॅडमंट, सगळं लावून एकट्या ड्रॅगनाइटचा एक्स्ट्रीम स्पीड त्याच्यावर 115 ते 136 बसतो. तो उभा राहतो आणि टेरा नॉर्मलची एकमेव कमजोरी फायटिंग, ती त्याच्या हातातच असते. शेजारी चिएन-पाओ असेल तर तोच वार 153 ते 181 होतो, म्हणजे नशीब बरं असेल तर उर्शिफू पडतो. त्या जोडीत खेळणार असशील तर बँड जरूर दे, मी तर म्हणेन मल्टिस्केलऐवजी इनर फोकसचाही विचार कर. फेक आउटने (मैदानात आल्या आल्या मारून समोरच्याची टर्न खाणारी मूव्ह) दचकत नाही आणि आठव्या पिढीपासून अटॅक कमी करणारी इंटिमिडेट ही अ‍ॅबिलिटीही लागत नाही. पण चिएन-पाओ आधी पडला, किंवा टीममध्ये नसलाच, की तुझ्या ड्रॅगनाइटचा निम्मा दरारा त्याच्यासोबत जातो.

दुसरी अडचण याहून मोठी. एक्स्ट्रीम स्पीड नॉर्मल टाइपचा आहे आणि घोस्टवर नॉर्मल लागतच नाही. फ्लटर मेन घोस्ट, गोल्डेन्गो घोस्ट. बँडने एका मूव्हला बांधून टाकलेला ड्रॅगनाइट यांच्यापुढे नुसता उभा राहतो. फॅरिजिराफचं आर्मर टेल असेल तर प्रायॉरिटी, म्हणजे आधी लागणारी मूव्ह, चालतच नाही. इंडिडीने सायकिक टेरेन टाकलं तर जमिनीवर असलेल्या कुणावरही एक्स्ट्रीम स्पीड मारता येत नाही. समोरचा एवढं सगळं टीम प्रिव्ह्यूलाच (सामन्याआधी दिसणाऱ्या टीममध्येच) ओळखतो. बँड दिसत नाही म्हणतात, पण चिएन-पाओ आणि ड्रॅगनाइट शेजारी दिसले की आता नवखाही बँड गृहीत धरून खेळतो.

आमचा ग्रुप रविवारी सकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसतो, प्रत्येकाच्या मोबाईलवर शोडाउन (पोकेमॉनचे सामने खेळायची साइट) उघडलेलं. तिथला एक शेवट सांगतो, कारण तो अगदी तुझ्या आणि माझ्या सेटमध्येच झाला. अकरावीतली एक मुलगी माझा सेट खेळत होती. समोर टेरा नॉर्मल केलेला बँडवाला ड्रॅगनाइट, इनर फोकसवाला, एक्स्ट्रीम स्पीडला लॉक झालेला आणि अंगावर थोडा मार आधीच घेतलेला. दोघांकडे तेवढा एकेकच उरला होता. तिचा टेरा स्टील झालेला, एचपी पूर्ण 166. पहिला एक्स्ट्रीम स्पीड 33 बसला आणि तिने डान्स केला. दुसरा मल्टिस्केलशिवाय, 65. उरले 68. कट्ट्यावरचे सगळे "मार आता, मार" म्हणून ओरडत होते. तिने रूस्ट केलं, 83 परत आले, 151. पुढचा 64 बसला, पुन्हा रूस्ट, पुन्हा पूर्ण 166, आणि पूर्ण झाले म्हणजे मल्टिस्केलही परत आलं. पुढचा फक्त 32 बसला आणि त्यावर तिने दुसरा डान्स केला. मग आणखी एक एक्स्ट्रीम स्पीड सोसून आयर्न हेड, खलास. समोरचा पोरगा पाचही टर्न एकच बटण दाबत होता, कारण त्याच्याकडे दुसरं बटणच नव्हतं. अर्थात मध्येच एखादा क्रिटिकल बसला असता तर हिशोब बिघडला असता, ते धरूनच खेळायचं असतं.

"नाचायला वेळ कुणाला" याचं उत्तर यातच आहे. मूळ लेखात मी ड्रॅगनाइटला लीड करायला, म्हणजे पहिल्या टर्नला उतरवायला, सांगितलेलंच नाही. पहिल्या टर्नला समोर इन्सिनेरोर किंवा रिलाबूम असतो, त्याचा फेक आउट मल्टिस्केल फोडतो आणि टर्नही खातो. शेजारी अमूंगसचं रेज पावडर (वार स्वतःवर ओढणारी मूव्ह) ठेवलं तरी उपयोग नाही, फेक आउटची प्रायॉरिटी 3 आणि रेज पावडरची 2, तो आधीच बसून जातो. म्हणून ड्रॅगनाइट मागे ठेवायचा, फेक आउट खर्च झाला की आणायचा. समोरचा प्रोटेक्ट करेल किंवा बदली करेल असं ज्या टर्नला दिसतं, त्या टर्नला नाचायचं. हे ओळखणं अवघड आहे, मान्य. पण सामने जिंकले जातात ते याच ओळखण्यावर, आणि बँड हातात असला की ही सवय अंगी लागत नाही याचीच मला जास्त काळजी वाटते. आपल्याकडची पोरं जोरात मारायला लवकर शिकतात. थांबायला शिकवणारं कुणी भेटत नाही.

माझा सेट कुठे मार खातो तेही लिहितो, कारण तुझ्या प्रतिक्रियेत हा मुद्दा यायला हवा होता आणि तो खरा भारी पडला असता. आगीच्या मुखवट्यातली ओगरपॉन. तिची अ‍ॅबिलिटी मोल्ड ब्रेकर, म्हणजे मल्टिस्केल आहे की नाही हे ती विचारतच नाही. आणि तिचा मुख्य वार फायरचा. ड्रॅगनाइट ड्रॅगन असेपर्यंत फायर त्याला निम्मा लागतो, टेरा स्टील केलं की दुप्पट. समोर ती असेल तर टेरा हातात राखून ठेवायचा, तिला जोडीदाराकडून पाडून घ्यायचं, मगच पुढचं. उर्शिफूच्या सर्जिंग स्ट्राइक्सचंही तसंच. तीन फटके असतात, मल्टिस्केल फक्त पहिल्याला अडवतं, आणि पाणी ड्रॅगनला अर्धं लागत असलं तरी स्टीलला पूर्ण लागतं. टायरॅनिटारचं वाळूचं वादळ टेराआधी दर टर्नला थोडं खरवडतं आणि तेवढ्यानेही मल्टिस्केल जातं.

एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. सायकिक टेरेनने आपला ड्रॅगनाइट फेक आउटपासून वाचेल असं समजून इंडिडीसोबत जोडी लावतात. टेरेन जमिनीवर पाय असलेल्यांनाच वाचवतं. ड्रॅगनाइट फ्लाइंग, तो हवेत, त्याला फेक आउट बसतोच. टेरा स्टील केल्यावर मात्र तो जमिनीवर येतो आणि तेव्हा टेरेन त्याचंही रक्षण करतं, पण त्याच वेळी भूकंपही (अर्थक्वेक ही मूव्ह) लागायला लागतो.

तू तुझी पूर्ण टीम लिहिलेली नाहीस, फक्त चिएन-पाओ आणि ड्रॅगनाइट एवढंच कळलं. बाकीचे चार टाक. त्यात इंडिडी आहे का ते आधी सांग, कारण असेल तर तुझंच टेरेन तुझा एक्स्ट्रीम स्पीड अडवेल आणि मग ती जागा स्टॉम्पिंग टँट्रमला देऊन बघू, गोल्डेन्गोचाही बंदोबस्त होईल. नसेल तर चिएन-पाओ आहे तोवर बँड चालू दे, फक्त फ्लटर मेनसाठी दुसरं कुणीतरी टीममध्ये ठेव.