अधिक ८९६

काकांचं हार्डवेअरचं दुकान बेळगावात, खडेबाजारात. बिल मराठीत दिलं की सौंदत्तीचं गिऱ्हाईक ते उलटंसुलटं करून बघतं, कन्नडमध्ये दिलं की खानापूरचं. शेवटी काकांनी फर्मान काढलं, "दोन्हीत छाप. कॉम्प्युटर शिकलाईस की!"

शिकलोय, पण दीड हजार मालांची नावं कन्नड लिपीत टाइप करायला नव्हे. मग एका रात्री एक पॅकेज सापडलं, म्हणजे कुणीतरी लिहून नेटवर ठेवलेला तयार कोड. देवनागरी द्या, कन्नड लिपी घ्या. फुकट, ओपन सोर्स. आवृत्ती ०.०.३. आकड्याच्या सुरुवातीला शून्य असलं की आजचं फंक्शन उद्या तिथेच असेल असं धरायचं नसतं, हा सॉफ्टवेअरवाल्यांचा मान्य संकेत. रीडमीत, म्हणजे सोबतच्या माहितीच्या फाइलीत, दोनच ओळी: 'प्रायोगिक आहे' आणि 'डॉक्युमेंटेशन लवकरच'. हे 'लवकरच' चार वर्षांपूर्वीचं. आवडल्याची खूण म्हणून लोक देतात ते स्टार सात, त्यातला एक माझा. चुकून दाबला गेला होता.

तीन दिवस मी त्या पानाभोवती घिरट्या घातल्या. घ्यावं म्हटलं की २०१६ आठवायचं. लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज लेखकाने रागाने काढून घेतलं आणि त्याच्यावर टेकलेल्या जगभरच्या प्रोजेक्टांची कामं अडून बसली. सोडावं म्हटलं की लिनस टॉरवल्ड्स आठवायचा. त्यानेही १९९१ मध्ये आपलं लिनक्स, आज जगभर चालणारी ती ऑपरेटिंग सिस्टिम, नुसता छंद म्हणूनच जाहीर केलं होतं. (सात स्टारवाल्या प्रत्येक लेखकाला हा टॉरवल्ड्स कामाला येतो.)

काकांचा प्रश्न एकच. "गॅरंटी हाय काय?"

लायसन्स उघडून अर्थ सांगितला: माल आहे तसा, कसलीही हमी नाही, नुकसान झाल्यास आम्ही जबाबदार नाही. काकांनी गल्ल्यावरच्या पाटीकडे बोट केलं. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' "मग बरोबर हाय की. माणूस धंद्यातला दिसतोय."

कागदपत्र नाही म्हटल्यावर कोडच वाचायला घेतला. ऐंशीएक ओळी, कॉमेंट एकही नाही. आणि सगळ्यांच्या मधोमध एक बेरीज: अधिक ८९६. बस्स. युनिकोड म्हणजे जगातल्या प्रत्येक अक्षराला एक क्रमांक. त्याने भारतीय लिप्यांची मांडणी १९८८ च्या इस्की या भारतीय मानकावरून उचलली, सगळ्या लिप्या एकाच क्रमाने, त्यामुळे देवनागरी 'क'च्या क्रमांकात ८९६ मिळवले की कन्नड 'क' येतो, 'ख'ला 'ख'. सीमाप्रश्न इतकी वर्षं कोर्टात पडलाय आणि इथे दोन लिप्यांमधलं अंतर एका बेरजेचं! मी मध्यरात्री एकटाच हसलो.

सकाळी पहिलं बिल छापलं. 'बॉल व्हॉल्व्ह'मध्ये दोन रिकाम्या चौकटी. 'ऑइल पेंट'ची सुरुवातच चौकटीने. 'हॅण्डल'लाही एक. आपले ऑ आणि ॅ कन्नडमध्ये नाहीत. बेरीज करून जिथे पोचतो, ती घरं युनिकोडने रिकामी ठेवलीयत.

"ही पेटी कसली? बिलात लावलीस काय?" काका.

मी सरळ सगळं पॅकेज आपल्याच फोल्डरमध्ये उतरवून घेतलं, म्हणजे लेखक रागावला तरी दुकान चालू. चौकटींच्या जागी 'आ' आणि 'या' बसवले. 'हॅण्डल'चं 'ह्याण्डल' झालं. सौंदत्तीचं गिऱ्हाईक म्हणालं, असंच तर म्हणतात.

सगळं जमलं असं वाटतंय तोवर एक निवृत्त कन्नड मास्तर आले. बिजागऱ्यांची जोडी घेतली, बिल हातात घेतलं आणि चष्मा पुसला. परत वाचलं.

"सावकार, हे अक्षर एम.ए.ला हळेगन्नडच्या, जुन्या कन्नडच्या पेपरात लिहिलेलं मी. तुमच्या बिलात कसं आलं ओ?"

माझ्या पोटात गोळा. 'बिजागऱ्या'तला आपला ऱ. त्यात ८९६ मिळवले की जे अक्षर निघतं, ते कन्नड लोकांनी केव्हाच वापरातून काढलंय.

"जुनं दुकान हाय की सर," काका शांतपणे म्हणाले. "आजोबांपासून."

मास्तरांनी बिल घडी घालून वरच्या खिशात ठेवलं. मी त्याच संध्याकाळी दुरुस्ती तयार केली, ऱ च्या जागी र. काकांनी ती चढवू दिली नाही.

चार दिवसांनी मास्तर दोन मित्रांना घेऊन आले. मित्रांना एकेकच बिजागरी हवी होती. मास्तरांनी अडवलं. एक घेतली की बिलावर साधा र येतो, जोडी घ्या.