‘फुकट सहल’ म्हणणाऱ्या ब्रॅम्प्टनकरांना उत्तर

ब्रॅम्प्टनकर, नमस्कार.

कॅनडातल्या गावाच्या टोपणनावाआड न राहता खरं नाव लिहिलं असतंत तर नावानेच बोलले असते. असो. परदेशात कॅनडाचा अभ्यास करणाऱ्या संघटनांवरच्या माझ्या गेल्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत, ते सगळ्यांनी वाचलं असेलच असं नाही, म्हणून आधी जसंच्या तसं देते:

“ताई, लेख छान, माहितीपूर्ण वगैरे. पण खरं सांगू का? या सगळ्या असोसिएशन म्हणजे कॅनडा सरकारच्या पैशावर प्राध्यापकांच्या फुकट सहली. २०१२ला पैसे बंद, दुकान बंद. गावाकडच्या पोराला याचा उपयोग काय? आणि निवासी शाळांमध्ये आदिवासी मुलांचं काय झालं, यावर या मंडळींनी कधी तोंड उघडलं? तुमच्याही लेखात एक शब्द नाही. आम्ही इथे बर्फ उपसतोय आणि तुम्ही तिथे बसून आम्हाला कॅनडा शिकवताय.”

मैत्रीण म्हणाली, सोडून दे, कशाला नादी लागतेस. एरवी मी लागतही नाही. पण गप्प बसलं की लोक त्याला कबुली समजतात, आणि ‘फुकट’ हा शब्द मी आजवर कुणाकडून ऐकून घेतलेला नाही.

आधी सुराबद्दल. ‘ताई’ म्हणून सुरुवात करायची आणि दुसऱ्याच वाक्यात ताईला फुकटी ठरवायचं, हे भाऊबंदकीच्या दाव्यातल्या नोटिशीसारखं झालं. वर ‘सादर नमस्कार’ आणि खाली जमिनीचा गट नंबर. ‘माहितीपूर्ण वगैरे’ मधलं ‘वगैरे’ही मला कळलं बरं का. सगळी नोकरी वर्गात काढली आहे. मागच्या बाकावरून कोण कुठल्या सुरात बोलतंय हे फळ्याकडे तोंड असतानाही कळायचं. मतभेद असू द्या, माझी ना नाही. पण मतभेद मांडायला आधी मत लागतं. तुमच्या पहिल्या वाक्यात आहे तो शेरा.

आता त्या शेऱ्याकडे येते.

कॅनडा सरकारने पैसे दिले, हे खरं आहे. मी ते लपवलेलं नाही. लेखातच लिहिलं होतं. पण कशासाठी दिले, हे तुम्ही वाचलंत का? सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडातल्या विद्यापीठांतच कॅनडा धड शिकवला जात नव्हता. इतिहास ब्रिटनचा, समाजशास्त्र अमेरिकेचं, वाचायच्या कादंबऱ्या दोन्हीकडच्या. म्हणून तिथल्या विद्यापीठांच्या संघटनेने १९७२ साली टी. एच. बी. सायमन्स यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. १९७५च्या अहवालात त्यांनी आपल्याच विद्यापीठांना खडे बोल सुनावले, आणि परदेशातल्या कॅनडा-अभ्यासाचीही दखल घेतली. परराष्ट्र खात्याची मदत वाढत गेली ती त्याच सुमाराला. पण अमेरिकेतली संघटना १९७१ची आहे, म्हणजे अहवालाच्या आधीची. ब्रिटनची १९७५ची, फ्रान्सची १९७६ची, जर्मनभाषक देशांची १९८०ची. १९८१ साली या सगळ्यांची मिळून एक आंतरराष्ट्रीय शिखर संघटना स्थापन झाली, आणि भारतातली संघटना आली १९८५ साली. सहलीसाठी माणसं इतक्या चिकाटीने घटना लिहीत नाहीत, वार्षिक सभा घेत नाहीत आणि खजिनदार कोण होणार यावरून भांडतही नाहीत. (खजिनदारपदाची भांडणं मी पाहिली आहेत. त्यावर वेगळा लेख होईल.)

दुसरं, असे पैसे कोणता देश देत नाही? अमेरिकी सरकारची फुलब्राइट अभ्यासवृत्ती १९५०पासून भारतात आहे. हैदराबादला अमेरिकन अभ्यासाचं संशोधन केंद्र १९६४ साली उभं राहिलं. माझ्या पिढीच्या इंग्रजीच्या कित्येक प्राध्यापकांचे प्रबंध तिथल्या ग्रंथालयात लिहिले गेले. पुण्यात मॅक्सम्युलर भवनात पोरं जर्मन शिकतात तेव्हा त्यांना कुणी जर्मनीचे दलाल म्हणत नाही. आपलं सरकारही परदेशी विद्यापीठांत भारतविषयक अध्यासनं चालवतं. आणि कॅनडाशी आपला जो जुना दुवा, ती शास्त्री इंडो-कॅनेडियन इन्स्टिट्यूट, ती १९६८ साली निघाली तीच मुळात कॅनडात भारताचा अभ्यास वाढावा म्हणून. उलट दिशेची वाहतूक पुढे सुरू झाली. तेव्हा कॅनेडियन प्राध्यापक वाराणसीला आला की संशोधन, आणि महाराष्ट्रातली प्राध्यापिका माँट्रियालला गेली की सहल, हा हिशोब मला कळत नाही.

रकमेचंही सांगते. २०१२ साली कॅनडा सरकारचा हा मदतीचा कार्यक्रम बंद झाला तेव्हा त्यावर वर्षाला सुमारे ५० लाख कॅनेडियन डॉलर खर्च होत होते. तेव्हाच्या दराने पंचवीस-तीस कोटी रुपये, आणि तेही सगळ्या जगासाठी. ‘सहली’च्या मानाने फारच कंजूष यजमान म्हणायचे.

आता माझी सहल. विचारलंच आहे तर ऐका.

अभ्यासवृत्तीच्या अर्जाला प्रस्ताव लागायचा, दोन शिफारसपत्रं लागायची आणि महाविद्यालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागायचं. ते ना-हरकत प्रमाणपत्र ज्या टेबलावर अडलं होतं त्याचं नाव घेत नाही. तिथला माणूस हयात आहे आणि आता मला लग्नाच्या पत्रिका पाठवतो. परत आल्यावर कॅनडाविषयक भाग प्रत्यक्ष शिकवायचा, ही अट होती. निम्मा पैसा भाड्यात गेला. माझी खोली बेसमेंटमधली. खिडकी जमिनीच्या वर वीतभर, त्यातून जाणाऱ्या-येणाऱ्यांचे बूट दिसत. ग्रंथालयाच्या दाराशी ओल्या बुटांची रांग, आत क्वेबेक या कॅनडातल्या फ्रेंचभाषक प्रांताच्या विधानसभेतल्या चर्चांचे खंड, सगळे फ्रेंचमध्ये. फ्रेंच मी पुण्यात संध्याकाळच्या वर्गांना जाऊन शिकले होते, तेही नोकरी आणि घर सांभाळून. पण शिक्षकांची फ्रेंच वेगळी आणि चिडलेल्या आमदाराची वेगळी. एकेका पानाला शब्दकोश दहादा उघडायचा, मग नाणी टाकून झेरॉक्स काढायची. येताना बॅगेचं वजन जास्त भरलं तेव्हा लोकरीचा कोट अंगात घातला आणि कागद आणले. टोरोंटोला गेले तेव्हा नायगाराही पाहिला. स्वतःच्या पैशाने.

काय वाचत होते? दुकानांच्या पाट्या. हसू नका.

क्वेबेकने १९७७ साली फ्रेंच भाषेचा सनदी कायदा केला, ज्याला सगळे ‘बिल १०१’ म्हणतात. त्यात व्यापारी पाट्या फक्त फ्रेंचमध्ये हव्यात असा नियम होता. ईटन नावाच्या मोठ्या दुकानाला आपल्या पाटीवरून इंग्रजी षष्ठीचा ‘एस’ काढावा लागला, इतकं ते बारकाईने चाललं. डिसेंबर १९८८ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘फक्त फ्रेंच’ हा नियम उडवला. न्यायालयाचं म्हणणं असं की फ्रेंच ठळक असावी अशी सक्ती चालेल, दुसरी भाषा पुसून टाकण्याची चालणार नाही. त्यावर मुख्यमंत्री बुरासा यांनी काही दिवसांतच नवा कायदा आणला: बाहेर फक्त फ्रेंच, आत दुसरी भाषा चालेल. त्याला कवच दिलं कॅनडाच्या घटनेतल्या १९८२च्या हक्कांच्या सनदेतल्या ३३व्या कलमाचं. या कलमाने कायदेमंडळाला पाच वर्षांपुरतं काही मूलभूत हक्कांना वळसा घालता येतो. इंग्रजी भाषकांचे मंत्री राजीनामे देऊन बाहेर पडले. आणि पाच वर्षं संपत आली तेव्हा, १९९३ साली, क्वेबेकने गपचूप न्यायालयाचाच तोडगा घेतला: दुसरी भाषा चालेल, पण फ्रेंच ठळक हवी.

आता आपल्याकडे या. २०२२ साली महाराष्ट्राने दुकाने व आस्थापना कायदा बदलून सगळ्या दुकानांना मराठी देवनागरी पाटी सक्तीची केली, आणि मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत असं म्हटलं. दुसरी भाषा पुसा, असं म्हटलेलं नाही. व्यापारी सर्वोच्च न्यायालयात गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने त्यांना दोन महिन्यांत पाट्या लावायला सांगितलं. क्वेबेक जिथे सोळा वर्षं धडपडून पोचलं, साधारण तिथूनच आपण सुरुवात केली. वर्गात मी हे शेजारी शेजारी ठेवून शिकवलं असतं तर कोण काय म्हणालं असतं, ते मला माहीत आहे, कारण १९८८ आणि १९९३चा भाग मी निवृत्त होईपर्यंत शिकवत होते आणि मागच्या बाकावरचे सगळ्यात जास्त त्याच तासाला बोलायचे. ‘मॅडम, मग मुंबईत का नाही होत?’ हा प्रश्न दरवर्षी यायचा. गावाकडच्या पोरांकडूनच यायचा.

तेव्हा ‘उपयोग काय’चं उत्तर यातच आलं. तरी एक पुरवणी. घटनेचा मसुदा सादर करताना डॉ. आंबेडकरांनी २१ फेब्रुवारी १९४८च्या पत्रात १८६७च्या ब्रिटिश नॉर्थ अमेरिका कायद्याचा, म्हणजे कॅनडाच्या घटनेचा, आधार दिला आहे. केंद्र बलवान, शेषाधिकार (कुठल्याच यादीत न आलेल्या विषयांचे अधिकार) केंद्राकडे, ही मांडणी कॅनडाची. गंमत अशी की कॅनडात ती कागदावरच राहिली; लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे साम्राज्याच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, निकालांमागून निकाल देऊन प्रांतांचं पारडं जड केलं, आणि तिकडे जाणारी कॅनडाची अपिलं बंद झाली ती १९४९ साली, आपली बंद झाली त्याच वर्षी. साचा तोच, आज त्यांचे प्रांत कुठे आहेत आणि आपली राज्यं कुठे, बघा. जीएसटीच्या थकबाकीवरून राज्यं ओरडत होती ते आठवूनही हा धडा कुणाला निरुपयोगी वाटत असेल तर माझा इलाज नाही.

एक गोष्ट मान्य करते, कारण मला न्यायाने वागायचं आहे. परिषदांमधले बरेच निबंध सुमार असत. एक कादंबरी तिकडची, एक इकडची, मधे ‘तौलनिक अभ्यास’, आणि दोन्हीकडे स्त्रिया दुःखी आहेत असा निष्कर्ष. मी स्वतः अशा सत्रांत डुलक्या काढल्या आहेत. जेवण चांगलं असे, हेही खरं. आणि काही मंडळी परत आल्यावर फोटोंचा अल्बम सोडून काही दाखवू शकली नाहीत. पण ही तक्रार आपल्या एकूण विद्यापीठीय परिषदांबद्दल आहे. तुम्ही ती फक्त कॅनडावाल्यांच्या गळ्यात का घालताय? तुमच्या कंपनीच्या ‘ऑफसाइट’ला काय ज्ञानेश्वरीचं पारायण होतं?

उरलेल्या मुद्द्यांवर वेळ घालवत नाही, थोडक्यात उरकते.

‘दुकान बंद’ म्हणालात. जर्मनभाषक कॅनडा-अभ्यासक आजही दर फेब्रुवारीत बव्हेरियातल्या ग्राइनाउ गावी जमतात, त्यांचं नियतकालिक निघतं. अमेरिकनांचं निघतं, ब्रिटिशांचं निघतं. दुकान तेव्हाचे पंतप्रधान हार्पर यांच्या सरकारने बंद केलं होतं, अभ्यासकांनी नव्हे. २०१९ साली कॅनडाच्याच सिनेटच्या समितीने कॅनडा-अभ्यासाचा कार्यक्रम नव्या स्वरूपात सुरू करण्याची शिफारस केली. भारतात त्यानंतर काय झालं, किती केंद्रांना कुलूप लागलं, हा वेगळा विषय आहे, आणि त्याला आपल्याकडची वेगळी कारणंही आहेत. ते पुन्हा कधीतरी.

बर्फाबद्दल: उपसा. तिथे राहता म्हणून तुम्हाला तिथलं जास्त कळतं, हे मी धरूनच चालते. मग प्रतिक्रियेत त्यातलं काहीतरी लिहायचं होतं. १९८८चा निकाल, ३३वं कलम, तुमच्याच ओंटारिओ प्रांतात अलीकडे ते कलम कुणी, कशासाठी वापरलं, काहीही. बर्फ मलाही माहीत आहे हो, बेसमेंटच्या खिडकीतून निम्मा तोच दिसायचा. इतक्या वर्षांत तुम्हाला कॅनडाबद्दल आम्हाला सांगावंसं वाटलं ते एवढंच?

निवासी शाळांचं म्हणाल तर तो त्या लेखाचा विषय नव्हता. लेख संघटनांवर होता. दीड लाखांवर आदिवासी मुलं घरापासून तोडून सरकार आणि चर्चच्या त्या शाळांत घातली गेली, २००८ साली पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली, सत्यशोधन आणि समेट आयोगाने २०१५ साली ९४ शिफारशी केल्या, हे मला माहीत आहे, आणि तुम्ही ते जणू शोधून काढल्यासारखं लिहिलं आहे. संघटनांनी तोंड कधी उघडलं, असं विचारताय; कॅनडातल्या कॅनेडियनांनी कधी उघडलं, ते आधी विचारा. त्यावर मी लिहिणार आहे. टिपणं काढून ठेवलेली आहेत. पण तुम्ही खोचून विचारलंत म्हणून नव्हे, आणि पुढच्या आठवड्यात तर नाहीच. पुढच्या आठवड्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. तोवर प्रतिक्रिया चालू ठेवल्या आहेत. नाव लिहून लिहा.