सहाव्या हिश्श्याची सोय

सोलापूरच्या आमच्या कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत 'सोयीसुविधा' नावाचं एक रंगीत पान आहे. सुसज्ज ग्रंथालय, शुद्ध व थंड पाणी, उपाहारगृह, मुलींसाठी स्वतंत्र कक्ष, एक खिडकी विद्यार्थी साहाय्य केंद्र. यातलं काहीही खोटं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण अप-डाऊन करणाऱ्या पोरी नुसत्या कुरकुरतात असा आमच्या सरांचा समज आहे. सगळं आहे. फक्त ते ज्या वेळेला असतं त्या वेळेला आम्ही नसतो, आणि आम्ही असतो तेव्हा ते जेवायला गेलेलं असतं.

मी मोहोळकडच्या एका गावातून एसटीने येते. हंगामात गावातून हायवेला लागेपर्यंत पुढे उसाचा दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर लागला की ड्रायव्हरमामा हॉर्नवरचा हात काढून घेतात. उपयोग नसतो. ट्रॅक्टरवाल्याने लावलेल्या गाण्यापुढे त्याला स्वतःचं इंजिनसुद्धा ऐकू येत नाही. हायवेला लागलं की गाडी पळते. केगावला विद्यापीठ दिसलं की पोरी ओढण्या सावरतात आणि पुणे नाक्याला दारात गर्दी करतात. केगावचं हे विद्यापीठ 1 ऑगस्ट 2004 ला झालं, 2019 मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं. त्याआधी सोलापूरची कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली होती. आमचे थोरले मामा त्या काळातले. विद्यापीठात काम निघालं की ते रात्रीच्या गाडीने कोल्हापूरला जात, सकाळी काम करत, अंबाबाईचं दर्शन घेत आणि तांबडा-पांढरा रस्सा खाऊन परत येत. "तुमचं काय बाई, दारात विद्यापीठ," असं ते म्हणतात, पण म्हणताना चेहरा मात्र आपला रस्सा गेल्याचा करतात.

असो. विषय पासचा आहे.

मुलींना बारावीपर्यंत एसटीचा प्रवास अहिल्याबाई होळकर योजनेतून फुकट. बारावी पास झालं की ते संपतं. मग कॉलेजच्या पोरापोरींना मासिक पासात 66.67 टक्के सवलत, म्हणजे आपण तिसरा हिस्सा भरायचा. त्यात 17 मार्च 2023 पासून सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट झालं. आता गणित बघा. पास नसला तर मला अर्धे पैसे, पास असला तर एक तृतीयांश. अर्ध्यातून एक तृतीयांश गेले, ढोबळमानाने राहिला एक षष्ठांश. बीएस्सीला मी गणित घेतलंय, त्याचा आजवर झालेला एकमेव उपयोग हा.

तर या सहाव्या हिश्श्यासाठी बोनाफाईड लागतं, म्हणजे ही पोरगी आमच्याच कॉलेजची असा कॉलेजचा दाखला. वर्गातल्या पोरांचं वेगळं. त्यांना पास नसला की पूर्ण तिकीट, त्यामुळे ते खिडकीपुढे गरीब चेहरा करून उभे राहतात. आम्ही मुली मात्र सहाव्या हिश्श्यासाठी भांडतो, म्हणून आम्ही तत्त्वाच्या वाटतो. आप्पा म्हणतात, "कशाला मरतीस त्या कागदामागं? अर्धं तिकीट काढ की." आई म्हणते, "सोडू नगं. हक्काचं हाय." आई कधी खिडकीवर आलेली नाही.

'एक खिडकी' केंद्रात खरोखरच एक खिडकी आहे. तिला बारीक जाळी, आणि जाळीच्या खाली अर्धगोल भोक. हे भोक पोटाच्या उंचीवर आहे. जाळीतून बोललेलं आत ऐकू जात नाही, त्यामुळे बोलायचं तर कमरेत वाकून भोकाशी तोंड न्यावं लागतं. ज्याने कुणी ही खिडकी बसवली त्याला विद्यार्थ्यांच्या नम्रतेबद्दल आस्था असावी. भांडायचं ठरवून आलेली पोरगीसुद्धा वाकल्यावर "मॅडम, जरा..." असंच सुरू करते. खिडकीची वेळ अकरा ते एक. आमचं प्रॅक्टिकल अकरा ते एक. दुपारी अडीचला ती परत उघडते, पण तेव्हा फक्त अर्ज घेतात. बोनाफाईड मिळतं दुसऱ्या दिवशी चारनंतर. आमची गाडी पावणेचारची. त्याच्या पुढची धरली तर घरी पोचेपर्यंत दिवेलागण होऊन जाते आणि वाटेत आईचे इतके फोन येतात की वाचवलेला सहावा हिस्सा तिच्या रिचार्जला जावा.

एकदा प्रॅक्टिकल लवकर सुटलं आणि मी चक्क बाराच्या सुमाराला खिडकीवर पोचले. बोनाफाईड तयार होतं. सही होती. शिक्का आडवा होता. स्टँडवरच्या पासच्या खिडकीवर आडवा चालत नाही, गोल लागतो, हे माझ्या मागे उभ्या असलेल्या अनुभवी पोराने सांगितलं. गोल शिक्का प्राचार्यांच्या केबिनमध्ये, आणि प्राचार्य मीटिंगमध्ये. शिपाईमामांना दया आली. त्यांनी ड्रॉवर उघडून शिक्का आणला, पण एप्रिल महिना. सोलापुरात एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा माणसांच्या आधी शाईचे पॅड वाळतात. मामांनी शिक्क्यावर तोंडाची वाफ मारली, हा... हा..., आणि जोर लावून दाबला. कागदावर अर्धंच वर्तुळ उमटलं. "थांब, उरलेलं काढू," म्हणून त्यांनी परत वाफ दिली आणि दुसरं अर्धं जोडायला गेले ते बोटभर सरकलं. आता त्या बोनाफाईडवर आमच्या कॉलेजची स्थापना दोनदा झालेली आहे, एकदा सरळ आणि एकदा तिरकी. पासच्या खिडकीवरच्या माणसाने तो कागद बराच वेळ उजेडाला धरला. काही न बोलता पास दिला. अशा माणसांवर राज्य चाललंय.

पण एवढं सगळं कळतं कुणाकडून? कुठला शिक्का चालतो, परीक्षेच्या अर्जाची विनाविलंब शुल्क तारीख कुठली, शिष्यवृत्तीला उत्पन्नाचा दाखला कधीचा लागतो? नोटीस बोर्डाला काच आहे, काचेला कुलूप आहे आणि आत गेल्या वर्षीच्या वक्तृत्व स्पर्धेचा निकाल आहे. त्यामुळे कॉलेजचं खरं कार्यालय फाटकासमोर रस्त्यापलीकडे, झेरॉक्सच्या दुकानात चालतं.

दुकान अण्णांचं. जेमतेम एका मशीनची जागा, पण अर्जांचे गठ्ठे विषयवार लावलेले: पास, रेल्वे सवलत, परीक्षा, पुनर्मूल्यांकन, 'नाव दुरुस्ती (मराठी)', 'नाव दुरुस्ती (इंग्रजी)'. पेन सुतळीने बांधलेला. भिंतीवर एका खिळ्याला हरवलेली आयकार्डं लटकतात, कुणाचं काही हरवलं की पोरं आधी खिळा बघतात, मग घरी सांगतात. अण्णा घरच्यांशी फोनवर तेलुगूत बोलतात, अक्कलकोटकडच्या पोरांशी कन्नडमध्ये, आमच्याशी मराठीत, आणि मशीन बंद पडलं की मेकॅनिकशी हिंदीत. शिव्या सगळ्या भाषांत सारख्याच गोड. त्यांच्या घरी पूर्वी यंत्रमाग होते, त्यामुळे मशीनच्या नुसत्या आवाजावरून कागद कुठे अडकलाय ते ते न उघडता सांगतात. "काय बे, किती तारीख शेवटची?" असं विचारलं तर उत्तर तयार. चुकूनही "कॉलेजात विचार" म्हणत नाहीत. उलट कॉलेजातले क्लार्कच कधीकधी रस्ता ओलांडून येतात आणि हळू आवाजात विचारतात, "अण्णा, नवीन नमुना आलाय का?"

याच दुकानात माझ्यावर ओटीपीचा प्रसंग ओढवला. परीक्षेच्या अर्जाला आता बारा आकडी अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक, लागतो. तो काढायला आधार, आणि माझ्या आधारला मोबाईल नंबर आप्पांचा. आप्पा त्या वेळी रानात, मोटरीपाशी. शेतीची लाईट दिवसा आली की ते जगाला उपलब्ध नसतात. मागे रांग, अण्णांची बोटं कीबोर्डवर, आणि मी फोन कानाला लावून उभी.

"आप्पा, एक मेसेज आला असंल. त्यातला नंबर सांगा."

"कसला मेसेज?"

"ओटीपी."

आप्पा एकदम गप्प झाले. मग म्हणाले, "त्यो सांगायचा नसतो."

"अहो मीच मागवलाय!"

"ब्यांकेतनं सांगितलंय. कुणालाच सांगू नका. कुणालाच म्हंजे कुणालाच. आता पोरीबाळींचा आवाज काढून बी इचारत्यात म्हणं."

मी आवाज काढून विचारत नाहीये, हा माझाच आवाज आहे, हे भर रांगेत सिद्ध करायची वेळ आली. मी जन्मतारीख सांगितली. ती आधारवर असते, म्हणाले. आईचं नाव सांगितलं. ते रेशनकार्डावर असतं. आप्पा सातवी शिकलेत, पण पुरावा तपासण्यात कुठल्याही बँकेने त्यांच्याकडे शिकवणी लावावी. शेवटी त्यांनीच मार्ग काढला.

"म्हशीचं नाव सांग."

मागे पंधरा-वीस जणांची रांग, त्यातली निम्मी माझ्याच वर्गातली. मी हळूच सांगितलं. "ऐकू येत न्हाई, मोटार चालू हाय," आप्पा ओरडले. मग मी मोठ्याने सांगितलं, "चंद्री!"

"कुठल्या जातीची?"

"पंढरपुरी! शिंगं पाठीपर्यंत! आता तरी सांगा!"

आप्पांची खात्री पटली. मग चष्मा घरी राहिलाय हे लक्षात आलं. शेजारच्या रानातला पोरगा बोलावला गेला. त्याने मोठ्या उत्साहाने आकडे वाचले, ते दहा भरले. तो भलत्याच मेसेजमधला मोबाईल नंबर वाचत होता. खरे सहा आकडे माझ्यापर्यंत पोचले तेव्हा अण्णांनी मान हलवली. वेळ संपली होती. "परत पाठवतो," ते म्हणाले, "आता ओळख पटलीच आहे." त्या दिवसापासून दुकानात मला चंद्री म्हणतात. आयडी मिळाला, एवढंच म्हणायचं.

बाकीच्या सोयींचं थोडक्यात सांगते. ग्रंथालयात बॅग न्यायची नाही, ती बाहेर ठेवायची, 'जबाबदारी आपली'. वाचायला पुस्तक घेतलं की आयकार्ड ठेवून घेतात. पुस्तकातल्या दोन पानांची झेरॉक्स हवी असेल तर फाटकाबाहेर जावं लागतं. बाहेर पडता येतं, पण परत येताना वॉचमन आयकार्ड मागतो, जे ग्रंथालयात आहे. आणि पुस्तक मुळात बाहेर न्यायचंच नसतं. त्यामुळे पोरं फोनमध्ये फोटो काढतात, त्यालाही मनाई आहे, पण त्या मनाईचा बोर्ड पुस्तकांच्या रॅकमागे गेल्यामुळे सगळ्यांचं बरं चाललंय. उपाहारगृहात 'बाहेरील पदार्थ खाण्यास सक्त मनाई'. आमच्या डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. वाचन कक्षात चोरून खावी म्हटलं तर कडक भाकरी हे चोरून खायचं अन्नच नव्हे. पहिला तुकडा मोडला की संदर्भ विभागापर्यंत माना वळतात. म्हणून आम्ही वनस्पतीशास्त्राच्या जिन्यावर बसतो. तिथे वारा येतो आणि फॉर्मॅलिनचा वास येतो. सवय झाली की चटणी कमी पडली तरी चालतं.

पाण्याच्या कूलरवर कुणाच्या तरी स्मरणार्थ अशी संगमरवरी पाटी आहे. पाटी अजून छान आहे. सोलापूरकराला नळाच्या बाबतीत उतावीळ होऊन चालत नाही, उजनीचं पाणी शंभरएक किलोमीटर पाइपातून यायचं म्हटल्यावर थोडं इकडेतिकडे होणारच. आम्ही घरूनच दोन बाटल्या आणतो. त्यामुळे बॅग जड होते, आणि बॅगेची जबाबदारी आपली.

मुलींच्या कक्षाला एरवी कुलूप असतं, कारण आत जुन्या उत्तरपत्रिका ठेवल्यात. पण कॉलेजचा दर्जा तपासायला नॅकची समिती आली होती त्या आठवड्यात काय थाट! सोफा, आरसा, भिंतीला सॅनिटरी नॅपकिनचं मशीन, टेबलावर प्लास्टिकची फुलं. आम्हाला चार-चारच्या गटाने आत बसवून "नैसर्गिक वागा" असं सांगितलं होतं. समितीतल्या बाईंनी विचारलं, "तुम्ही इथे रोज येता का?" माझी मैत्रीण तेवढ्यात नैसर्गिक वागली: "नाही मॅडम, आज पहिल्यांदाच उघडलंय." बाई हसल्या. आमच्या मॅडम हसल्या नाहीत. पुढच्या सोमवारी सोफा प्राचार्यांच्या केबिनमध्ये दिसला. मशीन मात्र भिंतीलाच आहे. त्यात पाचचं नाणं घालावं लागतं, तेही फक्त जुनं, जाड. नवं घातलं की ते खालून परत येतं. तेवढं मशीन प्रामाणिक आहे.

2025 च्या जूनमध्ये जाहीर झालं की एसटीचे पास आता शाळा-कॉलेजातच मिळतील, विद्यार्थ्यांना स्टँडवर रांगा लावायला नकोत. कॉलेजने फक्त यादी द्यायची. ऐकून मला खरंच आनंद झाला. प्रॅक्टिकल बुडवून मी खिडकीपाशी गेले, वाकले.

"मॅडम, पासच्या यादीत नाव घालायचं होतं."

"बोनाफाईड जोडा."

"बोनाफाईड तुम्हीच देता ना, मॅडम?"

"मग! उद्या चारनंतर या."

मी रस्ता ओलांडला. अण्णांनी 'पास यादी' असा नवा गठ्ठा आधीच लावून ठेवला होता. वरचा एक कागद काढून त्यांनी माझ्यापुढे सरकवला.

"दोन रुपये, चंद्री. आणि खाली मोबाईल नंबर लिहायचाय, तिथं आप्पांचा घालू नको बे."