पैसे भरून पायपीट

इटलीत एक प्रकारची सहल मिळते. तिच्यात गाइड नसतो, बस नसते, 'सगळे आले का?' म्हणून डोकी मोजणारा माणूस नसतो. कंपनी तुम्हाला मोबाइलवर नकाशा देते, हातात सूचनांची एक वही देते आणि मोकळं सोडते. सकाळी एका गावातून निघायचं, संध्याकाळपर्यंत पुढच्या गावातलं हॉटेल गाठायचं, आपल्या पायांनी. बॅग मात्र रोज गाडी येऊन घेऊन जाते. म्हणजे भाडं भरणारा माणूस घाम गाळत टेकडी चढतो आणि त्याचे धुवायचे कपडे मागच्या सीटवर रेलून द्राक्षमळे बघत जातात.

ही कल्पना बायकोची. आत्याला सांगितलं तेव्हा ती मुळीच दचकली नाही. तिने आळंदी ते पंढरपूर इतक्यांदा केलंय की चालणं तिला वाहतुकीचाच एक प्रकार वाटतो.

"सामान गाडीत ना? आमच्या दिंडीचाही ट्रक असतो. जेवणाचं कोण बघतं?"

"आपलं आपण."

"मुक्कामाला भजन-कीर्तन?"

"नाही."

"बरं, शेवटी दर्शन कुणाचं?"

"वाइनचं."

फोनवर बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग म्हणाली, "आणि याचे पैसे घेतात?"

आम्ही गेलो ते लांगे भागात. पिएमोंते प्रांतात आल्बा नावाचं शहर आहे, त्याच्या दक्षिणेला हे टेकड्यांचं राज्य पसरलंय. 2014 साली युनेस्कोने इथल्या द्राक्षमळ्यांना जागतिक वारशात घेतलं. वारसा म्हटलं की काही हलवायचं नाही, आणि त्यात चढही आले. इथे सूर्याकडे तोंड करून असलेला प्रत्येक उतार द्राक्षांसाठी राखून ठेवलेला. माणसांनी मग राहायचं कुठे, तर माथ्यावर. सेर्रालुंगा माथ्यावर, मोंफोर्ते माथ्यावर, कास्तिल्योने फाल्लेत्तो माथ्यावर. त्यामुळे पुढचं गाव सकाळी नाश्ता करतानाच खिडकीतून दिसतं. 'हे काय, समोर तर आहे' असं म्हणून आपण दुसरा पाव घेतो. मधली दरी खिडकीतून दिसत नाही. दिवसभर गाव तिथेच असतं, घड्याळाचा मनोरा तोच, घरंही तीच, फक्त आपण खाली खाली जात असतो. दरीच्या तळाशी पोचल्यावर ते एकदाचं दिसेनासं होतं आणि चढ सुरू होतो. थोडक्यात, इथला प्रत्येक दिवस चढावर संपतो. दमल्यावर.

डोंगर चढून गेलं की वर कोणीतरी चूल पेटवून पिठलं-भाकरी घेऊन बसलेलं असणार, ही सह्याद्रीत वाढलेल्या माणसाची श्रद्धा. आम्ही श्रद्धेने पोचायचो ते दुपारी तीनला. दोन-अडीचला स्वयंपाकघर बंद झालेलं, आता उघडणार साडेसातला. दुकानंही बंद, गल्ल्या रिकाम्या. चौकातलं एखादं बार तेवढं उघडं. तिथे अशी मेख आहे की संध्याकाळी वाइनचा ग्लास मागवला तर सोबत चिप्स, ऑलिव्ह, पावाचे तुकडे फुकट येतात आणि चहा मागवला तर चहा येतो. मी मूळचा चहाचा माणूस. पण भुकेपुढे कोणाचं चालतं?

आता सूचनांची वही. ती लिहिणारा कवी असावा. 'जुन्या विहिरीपाशी क्षणभर थांबा आणि मागे वळून पाहा' हे दोन ओळींत. कुठे वळायचं हे अर्ध्या ओळीत. एका ठिकाणी लिहिलं होतं, 'दुसऱ्या शेतघरापाशी जिथे कुत्रा भुंकतो, तिथे डावीकडे वळा.' शेतघरं मोजत आलो. कुत्रा होता, पण झोपलेला.

"हा नसेल," बायको म्हणाली.

"अगं, दुसरं घर हेच."

"वहीत भुंकतो लिहिलंय."

शेवटी मी टाळ्या वाजवल्या. कुत्र्याने एक डोळा उघडला, आमची लायकी जोखली आणि परत मिटला. त्याच वेळी पुढच्या वळणावरून, उजवीकडून, दुसरा एक कुत्रा जिवाच्या आकांताने भुंकू लागला. आम्ही वहीवर विश्वास ठेवून त्याच्या दिशेने गेलो. त्यानंतरची पाऊण तासाची हकीकत सांगण्यासारखी नाही. आम्ही हेझलनटच्या बागेत निघालो, एवढं सांगतो.

रात्री पाऊस पडला तर वहीत त्याचीही सोय आहे: 'वाट किंचित मऊ असू शकते.' बारोलो या गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इथल्या लाल वाइनची चव या चुनखडीच्या चिकणमातीतून येते असं तिथे जो भेटेल तो अभिमानाने सांगतो. ती माती बुटाला लागते आणि मग सुटतच नाही. प्रत्येक पावलागणिक एक थर चढतो. शंभर पावलांत माझी उंची चार बोटांनी वाढली होती आणि बुटांचा नंबर सांगता आला नसता. काडीने खरवडून काढावी तर काडी चिकटते. हॉटेलच्या दाराशी बूट घासायला ब्रश ठेवलेला असतो, त्यावरून आधीच्या पाहुण्यांची अवस्था कळते. बॅग अर्थातच वर खोलीत, स्वच्छ, वाट बघत.

मध्येच गोळीबार ऐकू यायचा. शरद ऋतूत शिकारीचा हंगाम असतो, रानडुकरं वगैरे. मात्र इटलीच्या 1992 च्या कायद्याप्रमाणे मंगळवारी आणि शुक्रवारी शिकारीला बंदी आहे. हे कळल्यावर बायकोचं इटलीविषयीचं मत एकदम सुधारलं. मंगळवार गणपतीचा, शुक्रवार देवीचा. "बघा, त्यांनाही कळतं," म्हणाली. बाकीच्या दिवशी तिने भगवी ओढणी डोक्याला बांधली. रानडुक्कर भगवं नसतं, हे तर्कशास्त्र बिनचूक होतं.

ओढणीवरून आठवलं, संकष्टी आली ती नेमकी मोंफोर्तेच्या चढावर. आदल्या रात्री तिने तायारिन खाल्ली होती. ही इथली केसांइतकी बारीक शेवई, तिच्या पिठात अंड्यांचे पिवळे बलक इतके घालतात की रंग हळदीवर जातो. तिला अंडं चालतं, पण संकष्टीला नाही. आणि बाकी पदार्थ म्हणजे वासराचं मांस ट्यूनाच्या सॉसमध्ये, नाहीतर भाज्या, पण लसूण आणि खारवलेल्या माशांच्या गरम तेलात बुडवून. राहता राहिले हेझलनट, त्याला हा भाग प्रसिद्ध. आल्बातल्या फेरेरो कंपनीचं न्यूटेला याच जोरावर उभं राहिलं. पण हेझलनट उपासाला चालतं का? आत्याला फोन लावला. आत्याने निकाल दिला: "शेंगदाणा परदेशी, बटाटा परदेशी, मिरची परदेशी. ते चालतात, तर याने काय घोडं मारलंय?" प्रश्न उरला चंद्रोदयाचा. कालनिर्णयात मोंफोर्तेची वेळ छापत नाहीत. त्यात दऱ्यांत धुकं भरलेलं. रात्री आम्ही दोघं चौकात मान वर करून उभे, आणि येणाराजाणारा प्रत्येक इटालियन आमच्यापाशी थांबून वर बघतोय.

या सगळ्यात कमी होतं म्हणून माझा मेहुणा. दिंडोरीला त्याची द्राक्षबाग. त्याच्याकडे ऑक्टोबर छाटणी चाललेली आणि इथे त्याच महिन्यात नेब्बिओलोची, म्हणजे बारोलो वाइनच्या द्राक्षांची, तोडणी, त्यामुळे त्याची उत्सुकता शिगेला.

"दाजी, पानाच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवा. डाऊनी रोग आहे का बघू."

चिखलात ओणवा होऊन मी परक्यांच्या वेलींची पानं उलटी करत होतो. ओळीच्या टोकाला गुलाब लावलेले, त्याचाही फोटो गेला. "भुरी आधी गुलाबावर दिसते, म्हणून लावतात," उत्तर आलं. मग मी ज्ञान पाजळलं: बारोलो म्हणून विकायची तर वाइन कमीत कमी 38 महिने मुरवावी लागते, त्यातले 18 लाकडी पिंपात.

"तीन वर्षं?" तिकडून आवाज चढला. "मग व्यापारी पैसे कधी देणार?"

इथल्या चांगल्या उतारांवर हेक्टरला दहा लाख युरोंच्या वर भाव जातो असं सांगितलं, तेव्हापासून त्याने पानांचे फोटो मागणं बंद केलं.

वाइन कशी होती, विचाराल. पहिल्या घोटाला जांभळं खाल्ल्यासारखी जीभ आखडली. दोल्चेत्तो ही इथलीच दुसरी लाल वाइन त्या मानाने मवाळ आणि स्वस्त, शिवाय तिच्याबरोबरही चिप्स तेवढेच येतात. माझं मत तिच्याच बाजूने पडलं.

सगळ्यात वाईट चढ शेवटी. बारोलो गाव बाकीच्यांसारखं माथ्यावर नाही, खोलगट बशीत साधारण तीनशे मीटरवर आहे. ला मोर्रा पाचशेच्या वर. वाटेत ब्रुनातेच्या मळ्यात एक प्रार्थनाघर लागतं, लाल-निळं-पिवळं रंगवलेलं. 1914 साली ते बांधलं ते मजुरांना वादळवाऱ्यात आडोसा म्हणून, आणि धर्मविधीने ते कधी पवित्र केलंच नाही. 1999 मध्ये सोल लेविट आणि डेव्हिड ट्रेमलेट या कलाकारांनी ते रंगवलं, एकाने बाहेरून, दुसऱ्याने आतून. बायकोने तरीही बूट काढून नमस्कार केला. मीही काढले, आणि परत घालायला मला जो वेळ लागला त्याला ती भक्ती समजली.

ला मोर्राच्या चौकातून सगळा मुलूख एका नजरेत दिसतो. ते सेर्रालुंगा, ते मोंफोर्ते, खाली बारोलो. बायको बोटाने दाखवत गेली आणि मध्येच तिचं बोट थांबलं. "एवढंच?"

बाकावर एक आजोबा बसले होते. त्यांनी आमच्या बुटांकडे पाहिलं आणि कुठून आलात विचारलं. बायकोने घरी अ‍ॅपवर इटालियनचे धडे गिरवले होते, ते पहिल्यांदाच उपयोगी पडले. तिने सेर्रालुंगाकडे हात केला आणि दोन बोटांनी हवेत चालून दाखवलं.

आजोबांनी हळहळून गाडी बिघडली का म्हणून विचारलं.

बायको खुलासा करायला तोंड उघडणार तोच मी 'हो' म्हणालो. आजोबांनी खिशातून फोन काढला आणि आपल्या ओळखीच्या मेकॅनिकचा नंबर शोधायला लागले.